अमोसला जेवायला कोण बोलावणार?

मला पहिल्यांदा खटकली ती किटली.

कामाचा पहिला दिवस. स्वयंपाकघरात शिरले तर चुलीवर काळी लोखंडी किटली आणि तिच्या तोटीतून छान वाफ येतेय. मी गारठलेली होते, म्हणून हात शेकायला चुलीपाशी गेले. चूल थंडगार! वर वाफ आणि खाली कधीची विझलेली राख. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण दीडशे वर्षं जुन्या घरात एकटी असताना मी तसं फार ठामपणे सांगत बसत नाही. तेवढ्यात किटलीच्या पोटातून 'टक्' असा आवाज आला आणि मी किंचाळत व्हरांड्यात!

ब्रॉन धावत आली. ब्रॉन म्हणजे ब्रॉन्विन, आमची मॅनेजर. पन्नाशीची, पायात कायम गमबूट. तिने शांतपणे किटलीचं झाकण उचलून दाखवलं. आत चक्क प्लास्टिकचा इलेक्ट्रिक जग, आणि वायर चुलीच्या मागून भिंतीत गेलेली.

"हेल्थ अँड सेफ्टी, डार्लिंग," ब्रॉन म्हणाली. "बाकी सगळं ऑथेंटिक आहे!"

जिथे माणसं सकाळी दहा ते दुपारी चार दीडशे वर्षांपूर्वी राहतात आणि चारनंतर आपापल्या गाड्या काढून मोटरवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात, तिथे किस्से जमवावे लागत नाहीत. आरतीला दाराबाहेर चपला साठतात तसे ते साठत जातात, आणि निघताना आपली जोडी कुठली तेच सापडत नाही. मला सापडले तेवढे सांगते.

* * *

आधी जागा सांगायला हवी. आमचं घर किवी लोकांच्या देशात, टाकानिनी नावाच्या उपनगरात. तिथून गाडीने बाहेर पडलं की नव्या वसाहती संपतात, घोड्यांचे पॅडॉक, म्हणजे कुंपण घातलेली कुरणं, लागतात आणि एका टेकाडावर अमोस हॅडलीचं फार्म दिसतं. हा अमोस मूळचा अमेरिकेतल्या आयोवाचा. तिथे मका लावायचा. टोळधाडीने ओळीने काही हंगाम फस्त केले, तेव्हा वैतागून बायको हेस्टर, मुलं आणि मक्याचं बियाणं घेऊन जहाजात बसला आणि पार इथे येऊन उतरला. झाडं तोडली, घर बांधलं आणि एवढा सगळा समुद्र ओलांडून पुन्हा मकाच लावला!

आता ते म्युझियम आहे आणि आम्ही त्याचं कुटुंब आहोत. पगारी.

मी पुण्याची, इतिहासात एमए. लग्न करून इथे आले. सौरभ, माझा नवरा, माउंट वेलिंग्टनला आयटी कंपनीत. मी वर्षभर अर्ज करत होते आणि सगळीकडून एकच उत्तर येत होतं, लोकल एक्स्पीरियन्स नाही. मग ही जाहिरात दिसली. म्हटलं, आजचा नाही तर नाही, दीडशे वर्षांपूर्वीचा तरी लोकल एक्स्पीरियन्स मिळेल!

आठवडाभर मी मिडवेस्टच्या शेतकऱ्यांबद्दल मिळेल ते वाचलं. नांगर, गवताळ माळ, मातीच्या ढेकळांची घरं, सगळं पाठ. ब्रॉनने त्यातलं काहीही विचारलं नाही. मला व्हरांड्यात नेलं आणि म्हणाली, "ओरड."

"काय ओरडू?"

"ते नंतर बघू. आधी नुसती ओरड."

कारण या फार्मचा सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे रविवारी दुपारी बाराची हाक. हेस्टर व्हरांड्यात उभी राहून मक्याच्या पलीकडे काम करणाऱ्या अमोसला जेवायला बोलावते. नावाने नाही हं! त्या काळातल्या बायका चारचौघांत नवऱ्याला आडनावाने बोलवायच्या, म्हणून 'मिस्टर हॅडली'. मग लांबून अमोस उत्तर देतो, "कमिंग, मिसेस हॅडली!" आणि चालत घरी येतो. त्याच्या मागे सगळे पर्यटक जेवणघरात. घंटा वाजवायची सोय नाही. हेस्टरचा आवाज तीन पॅडॉक ओलांडून जायचा असं गेटवरच्या पाटीवर लिहिलंय. गिफ्ट शॉपमधल्या भांडी पुसायच्या टी-टॉवेलवरही छापलंय. आता टी-टॉवेलवर छापल्यावर काय बोलणार?

आधीची हेस्टर, मार्गरेट, मुलीकडे जॉन्सनव्हिलला राहायला गेली म्हणून ही जागा रिकामी झाली होती. माझी ओरड ऐकून ब्रॉनने आधी लांबवर मक्याकडे बघितलं.

"सीझनपुरतं घेते," ती म्हणाली. "मका कापायच्या आत अमोस तुझ्या हाकेवर जेवायला आला, तर नोकरी पक्की. नाही आला, तर मला दुसरी हेस्टर बघावी लागेल."

या देशात मला कोणीतरी पहिल्यांदाच 'घेते' म्हटलं होतं. ती नोकरी मला हवी होती. फार म्हणजे फारच हवी होती. आणि माझा आवाज असा, की घरात सौरभला हाक मारायची तरी मी त्याला मेसेज करते.

* * *

अमोस म्हणजे ग्रॅहम. सत्तरी ओलांडलेला रिटायर्ड प्लंबर. गेट उघडल्यावर कोणीही आपल्या काळातून बाहेर पडायचं नाही असा ब्रॉनचा नियम आहे. बाकीचे तो पाळतात. ग्रॅहम त्याचं व्रत करतो.

एकदा त्याच्या मुलीला मुलगी झाल्याचा फोन ऑफिसात आला. ब्रॉन स्वतः चिखल तुडवत शेतात सांगायला गेली. ग्रॅहमने टोपी काढली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आनंदाची बातमी जहाजाने येतेच. आली की ऐकू."

चार वाजता मात्र तो पार्किंगकडे असा पळाला की त्याच्या पँटच्या ब्रेसेसचा एक पट्टा तुटून मागे लोंबत होता.

तर पहिल्या रविवारी मी व्हरांड्यात उभी राहून या माणसाला हाक मारली. म्हणजे मला तसं वाटलं. समोरच्या कोंबडीनेसुद्धा मान वर केली नाही. पर्यटक ताटं घेऊन उभे. साडेबारा झाले. पाऊण वाजला. शेवटी हेमी आला.

हेमी आमचा थोरला मुलगा. खऱ्या आयुष्यात चाळिशीचा, मूळचा इथलाच माओरी आणि माझ्या दुप्पट रुंद. फार्मचे घोडे तो सांभाळतो आणि मला 'मदर' म्हणतो.

"मदर, मी भूक लागली म्हणून आलो," तो म्हणाला. "डॅड येत नाही म्हणतोय."

डॅड आले ते गेट बंद झाल्यावर, उपाशी. मी रडवेली होऊन माफी मागायला गेले.

"माफी कसली?" ग्रॅहम म्हणाला. "हेस्टरने बोलावल्याशिवाय अमोस कधीच जेवला नाही."

"पण तुम्हाला भूक लागली असेल ना?"

"भूक ग्रॅहमला लागली होती."

* * *

हेमीला माझी दया आली. पुढच्या रविवारी मी व्हरांड्यात आले, ॲप्रन सारखा केला, घसा खाकरला आणि तेवढ्यात शेतातून आवाज, "कमिंग, मदर!"

मी अजून तोंड उघडलं नव्हतं!

पर्यटकांमधल्या एक आजी मला म्हणाल्या, "आईच्या मनातलं ओळखणारा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

ब्रॉनने हेमीला तबेल्यामागे नेलं. परत आली ती नवा नियम घेऊन. "उत्तर अमोसचंच आलं पाहिजे. बाकी कोणाचं मी धरणार नाही."

मग हेमीने दुसरी शक्कल काढली. मी दचकले की आवाज फुटतो हे सगळ्या फार्मला माहीत होतं. पुकेको नावाचा एक निळा, लांब तंगड्यांचा पक्षी असतो. तो एकदा पिठाच्या कोठीत निघाला, तेव्हा मी अशी ओरडले होते की रस्त्यापलीकडच्या शेजारीणबाई फर्स्ट एडची पेटी घेऊन आल्या.

"तोच आवाज बाराला पाहिजे," हेमी म्हणाला. "मी मागून येतो आणि तुला दचकवतो. स्वीट ॲज! एकदम झकास!"

बारा वाजता मी व्हरांड्यात, हेमी कुठेतरी मागे दबा धरून. तो येणार हे माहीत असल्यामुळे मी आधीच इतकी दचकून बसले होते, की तो खरोखर आला तेव्हा आवाजाऐवजी उचकी आली. ती काही केल्या थांबेना. उचक्या देत देत मी पर्यटकांना घर दाखवलं. एकाने काळजीने विचारलं, "मिसेस हॅडली, बरं वाटत नाहीये का?"

मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "आयोवात कोणीतरी माझी आठवण काढतंय."

ब्रॉनने ते ऐकलं. आता आमच्या टूरमध्ये, पाळण्याच्या खोलीनंतर, एक नवीन वाक्य आहे. "उचकी म्हणजे कुणाची तरी आठवण, ही मिडवेस्टमधली जुनी समजूत."

* * *

दर रविवारी लोणी काढून दाखवायचा कार्यक्रम असतो. लाकडी पिपात साय, वर दांडा, आणि तो दांडा वरखाली करत मी. पण लोणी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पर्यटकांकडे नसतो, त्यामुळे शेजारी फडक्याखाली 'सकाळीच काढलेला' गोळा तयार असतो. सकाळी म्हणजे सुपरमार्केट उघडल्या उघडल्या. तो आणून ठेवायचं काम हेमीचं.

"आणि हे बघा," मी म्हणाले, "हॅडलींच्या घरचं ताजं लोणी!" आणि ऐटीत फडकं उचललं.

हेमी कागद काढायला विसरला होता. चकचकीत वेष्टन, त्यावर बारकोड.

सगळे त्या बारकोडकडे बघत राहिले. दारात ग्रॅहम उभा होता. तो सावकाश पुढे आला, लोण्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "आयोवातून आणलेल्या गाई आहेत. फार पुढारलेल्या."

* * *

एकदा एक गृहस्थ आले. पाठीवर हात बांधून, सगळं माहीत असल्यासारखे फिरत होते. तबेल्यापाशी थांबून मला म्हणाले, "म्हणजे या जमिनीवर सगळ्यात पहिले पाय ठेवले ते हॅडलींनी!"

हेमी घोड्याला खरारा करत होता. मान वर न करता म्हणाला, "हो हो. आमच्यानंतर सगळ्यात पहिले."

मी घाबरून ब्रॉनकडे पाहिलं. काळातून बाहेर पडल्याबद्दल आता हा ओरडा खाणार!

ब्रॉन म्हणाली, "त्या वाक्याला नियम लागू नाही."

* * *

एका शाळेची सहल आली होती. अमोस पोरांना टोळधाडीची गोष्ट सांगत होता. आभाळ कसं काळं झालं, टोळांनी पीक खाल्लं, मग दोरीवरचे कपडे खाल्ले, मग कुदळीचा दांडासुद्धा कुरतडला. पोरं श्वास रोखून ऐकतायत आणि मधेच बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. ग्रॅहमच्या कानातून! त्याचं ऐकायचं मशीन बिघडलं होतं.

पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "मिस्टर हॅडली, तुमच्या कानात काय वाजतंय?"

"टोळ," ग्रॅहम म्हणाला. "निघताना एक आत शिरला. तिकीट न काढता आला."

पोरांनी रांग लावून कानात बघितलं.

मी खूप हसले. मग रात्रीच्या भाजीला फोडणी देताना डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. ग्रॅहमला मशीन आहे, मग ते एरवी कसं दिसत नाही? दुसऱ्या दिवशी हेमीला विचारलं.

"त्या दिवशी काढायला विसरला ना," हेमी म्हणाला. "एरवी दहाला काढून तंबाखूच्या डबीत ठेवतो. अमोसकडे कुठे होतं मशीन!"

मी गवताच्या पेंढीवर मटकन बसले. "म्हणजे इतके रविवार मी ज्याला हाका मारतेय, त्याला..."

"ऐकू येत नाही. हो. तुला माहीत नव्हतं?"

तशीच ब्रॉनकडे गेले. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "मार्गरेटची हाक त्याला तशीच ऐकू जायची."

"मार्गरेटला माहीत होतं?"

"छे! सांगितलं असतं तर बिचारीचा कॉन्फिडन्स गेला असता."

माझ्या कॉन्फिडन्सची कोणालाच काळजी नव्हती, कारण तो कोणी पाहिलाच नव्हता.

* * *

जानेवारीत आई आली, सहा महिन्यांसाठी. बाबांना परदेशातलं जेवण मानवत नाही, म्हणून एकटीच. पहिल्याच आठवड्यात तिला फार्म दाखवायला नेलं. लांब झगा, डोक्यावर नाड्यांचं बॉनेट, हातात सरपण अशी मी समोर आले. आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घरी गॅस आला तेव्हा तुझ्या आजीने गल्लीत पेढे वाटले होते," ती म्हणाली. "आणि तू एमए करून चुलीपाशी?" मग तिने चुलीला हात लावून बघितला. "तीही खोटी!"

तेवढ्यात ग्रॅहम आला. ही हेस्टरची आई म्हटल्यावर त्याने टोपी काढली आणि कमरेत वाकून म्हणाला, "मदर-इन-लॉ! प्रवास कसा झाला? जहाज लागलं नाही ना?"

ग्रॅहम आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठा. आई माझ्या कानाशी म्हणाली, "या जावयाचं सौरभला सांगितलंयस का?"

सौरभ तिला घ्यायला आला तेव्हा तेही झालं. पर्यटकांसमोर त्याने हसत ग्रॅहमपुढे हात केला. "हाय, मी केतकीचा नवरा."

ग्रॅहमने तो हात बराच वेळ बघितला. "तरुण माणसा," तो म्हणाला, "या बाईला माझ्यापासून पाच मुलं आहेत."

सौरभ गाडीत जाऊन बसला. आई मात्र त्या दिवसापासून दर रविवारी माझ्याबरोबर यायला लागली. आणि येताना बेसनाचे लाडू. कुणी पर्यटकाने 'हे काय' म्हणून विचारलं की ग्रॅहम तोंडात लाडू असतानाच सांगायचा, "आयोवाचे कॉर्न बॉल्स. सासूबाईंची रेसिपी."

परवा एका बाईंनी गिफ्ट शॉपमध्ये जाऊन कॉर्न बॉल्सचं पाकीट मागितलं.

* * *

हाकेची गोष्ट आईला कळल्यावर तिने सूत्रं हातात घेतली. रोज संध्याकाळी घरामागच्या लॉनवर प्रॅक्टिस. सौरभ फोनवर आवाज मोजणार, आई खुर्ची टाकून समोर.

"मिस्टर हॅडली," मी म्हणायचे.

"तू हाक मारतेस की कानात गुपित सांगतेस?" आई.

"मिस्टर हॅडलीऽ!"

"फ्रिज याच्यापेक्षा जास्त वाजतो," सौरभ फोन बघून म्हणायचा.

आमच्या वसाहतीत घरं एकमेकांना खेटून. चौथ्या का पाचव्या दिवशी पलीकडच्या शीलाबाई, म्हणजे इथल्याच एक प्रेमळ किवी आजी, कुंपणावरून डोकावल्या. हातात ताज्या भाजलेल्या स्कोन्सची बशी.

"डिअर, अजून सापडला नाही का गं तो?"

"कोण?"

"मिस्टर हॅडली. रोज तुझी हाक ऐकते आणि जीव तुटतो. कुत्रा आहे की मांजर?"

मला खरं सांगायचं होतं. पण दीडशे वर्षांपूर्वीचा शेतकरी, तो माझा नवरा आणि तो बहिरा, हे कुंपणावरून कसं सांगणार? मी नुसती मान हलवली. त्यांनी तिचा अर्थ 'कुत्रा' असा घेतला असावा.

दोन दिवसांत वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. 'मिस्टर हॅडली नावाचा कुत्रा कोणी पाहिला का? मालकीण फार खचली आहे.' खाली बदामांची रांग. आणि शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर दोरीने बांधलेला एक तपकिरी, केसाळ, अतिशय खूश कुत्रा!

मी किंचाळले. आई धावत आली. कुत्र्याने तिचा हात चाटला.

"बघ," आई म्हणाली, "हाकेला कोणीतरी आलं की नाही?"

खरा मालक शोधायला आख्खा दिवस गेला. परत देताना सौरभच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूला निरोप देताना त्याच्या डोळ्यांत कधी असं पाणी येणार नाही, असं आईचं मत.

* * *

आणि मग शेवटचा रविवार आला. मका वाळून सोनेरी झालेला, सोमवारी कापणार. ब्रॉन सकाळीच मला म्हणाली, "केतकी, तू आम्हाला सगळ्यांना आवडतेस." इथे कोणी असं सुरुवातीलाच म्हणालं की पुढे काय येतं हे मला अर्जांच्या उत्तरांवरून पाठ झालंय. तिच्यामागे एक उंच मुलगी उभी होती. नाटकाचा कोर्स केलेली. हातात माझ्यासारखंच बॉनेट. "ही नुसती बघायला आलीये," ब्रॉन म्हणाली.

माझे हात पिठात होते. मी कणीक तशीच मळत राहिले.

अकराला गेटवर एक बस थांबली. त्यातून टोपी, स्वेटर आणि स्पोर्ट्स शूज घातलेले आजोबा उतरले, मग साडी आणि जॅकेट घातलेल्या काकू. मुलांकडे राहायला आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांचा ग्रुप! आईची त्यांच्याशी बागेत ओळख झालेली. तिने सगळ्यांना गोळा करून आणलं होतं.

"आई, आजच?" मी म्हटलं.

"मग कधी? उद्या मका कापणार ना?"

आजोबांनी घर बघितलंच नाही. मक्याची कणसं दिसल्याबरोबर सगळे पुरुष शेतात घुसले. कुणी दाणे सोलून बघतंय, कुणी वाणाची चर्चा करतंय. पाच मिनिटांत त्या उंच मक्यात टोप्यासुद्धा दिसेनाशा झाल्या. काकू व्हरांड्यात आईभोवती बसल्या.

बारा वाजले. जेवणघरात ताटं मांडलेली. ब्रॉन पायरीवर, शेजारी ती मुलगी. मी कठडा धरून उभी राहिले.

"मिस्टर हॅडलीऽ!"

वारा आला आणि मका सळसळला. बास.

"मिस्टर हॅडलीऽऽ!"

हेमी तबेल्याच्या दारात दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून उभा होता.

तिसऱ्या हाकेला माझा आवाज मधेच चिरकला. ब्रॉनने माझ्याकडे बघायचं टाळून गमबुटावरचा चिखल काढायला सुरुवात केली. ती मुलगी हळूच बॉनेटच्या नाड्या मोकळ्या करायला लागली.

आईशेजारच्या इनामदार काकूंना राहवेना. "अगं, हे काय मिस्टर मिस्टर लावलंयस? बँकेत टोकन पुकारल्यासारखं! कोणाला बोलावतेयस तू?"

"नवऱ्याला," मी कशीबशी म्हणाले. "म्हणजे नाटकातल्या."

"मग नवऱ्याला बोलवावं तसं बोलव की! पोटातून! ताट गार होतंय त्याचं!"

मी सौरभला कायम नावाने हाक मारते. ती जुनी हाक मी जन्मात कोणा नवऱ्यासाठी वापरलेली नाही. कॉलेजात तिच्याविरुद्ध तावातावाने निबंधही लिहिलाय. पण नाड्या मोकळ्या झाल्या होत्या, आई माझ्याकडे बघत होती, आणि ताट खरंच गार होत होतं. मी डोळे मिटले.

"अहोऽऽऽऽ! जेवायला चलाऽऽऽऽ! पानं वाढलीऽऽऽत!"

पत्र्याखालच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. हा आवाज कोणाचा म्हणून मी स्वतःच दचकले.

मका हलला.

"ओऽऽ! आलो गं!" मधूनच कुठूनतरी एक आजोबा.

"आलो, आलो!" डावीकडून दुसरे.

"हो गं, हातातलं एवढं कणीस सोलतो नि आलोच!" कुंपणाकडून तिसरे.

मग एकदम चार-पाच. एकेक टोपी मक्यातून वर यायला लागली. व्हरांड्यात काकू एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. "तो आमचा! तो आमचा आवाज!" इनामदार काकू डोळे पुसत म्हणाल्या. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनेसुद्धा.

ब्रॉन हसत होती, पण मान हलवत होती. "लव्हली," ती म्हणाली. "पण केतकी, यातला एकही अमोस नाही."

मी कठड्यावरचा हात काढला.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागून, मका संपतो त्याच्याही पलीकडून, तिसऱ्या पॅडॉकच्या टोकाला जिथे अमोसचा घोडा उभा होता तिथून, एक जाडाभरडा आवाज आला. जन्मात मराठीचं अक्षर न बोललेला.

"ओऽऽऽऽ!"